ताईचा रुमाल

फिटच्या गोळ्यांनी ताईच्या हिरड्या फुगून दातांवर चढल्या होत्या. तोंडावर रुमाल धरून हसायची. दातांचे डॉक्टर म्हणाले, “कापाकापी नको.” त्यांनी दात मुळापर्यंत साफ केले, ब्रश फिरवायला शिकवलं आणि फिटच्या डॉक्टरांकडून गोळी बदलून घेतली. हिरड्या हळूहळू उतरल्या. रुमाल ताईने स्वयंपाकघरात हात पुसायला टाकला. माझ्या होणाऱ्या सासरची माणसं यायची ठरली, तशी आईने नव्या गोळ्याही बंद केल्या. “परत फुगल्या तर? आत्ता कुठे चारचौघांत बसवण्यासारखी झालीय.” चहा देताना ताई दिलखुलास हसली. सासूबाई खूश! आत वळताना ताई स्वयंपाकघराच्या दारातच मटकन बसली. फिट आली होती. आईने तोच रुमाल तिच्या तोंडावर दाबला. बाहेरून नुसते गदगदणारे खांदे दिसले. “काय झालं?” सासूबाई म्हणाल्या. “हसू आवरत नाहीये तिला,” आई म्हणाली. मीही हसले.