पाठीला कान

“भाताची आवनी टाकून आलेय मी, डॉक्टर,” सकुबाई म्हणाली. “पोरीच्या तोंडापुढं शेत काय मोठं हाय?”

तिची पोर प्रियांका पलंगावर पालथी पडली होती. वय अठरा. गालांवर, कपाळावर पिकलेल्या पुटकुळ्या. हाताच्या आणि हनुवटीच्या सुया काढून झाल्या होत्या. आज पहिल्यांदाच पाठीवर काचेचे पेले लावायचे होते.

शहापूरच्या या दवाखान्यात कल्याणचा डॉक्टर दर मंगळवारी यायचा. बाहेर पाटी होती : चिनी उपचार. पुटकुळ्या म्हणजे रक्त खराब, आणि रक्त साफ करावं तर याच डॉक्टरनं, अशी त्याची ख्याती मुरबाडकडच्या वाड्यांपर्यंत गेली होती. सुया तो स्वतः टोचायचा. पेल्यांना मात्र हात लावायचा नाही. पेटता बोळा आत फिरवून पेला पटकन पाठीवर दाबावा लागतो, म्हणजे कातडी आत ओढली जाते. यात त्याची बोटं भाजायची. ते काम हिरवा गाऊन घातलेली, तोंडाला मास्क लावलेली त्याची मदतनीस बाई करायची.

“हिचा हात हलका हाय ना?” सकुबाई म्हणाली. “नायतर आमच्या वाडीत एक व्हती, बैलाच्या शिंगाची तुंबडी लावायची. माझा धोंडी चार वर्सांचा. तापानं फणफणलेला. तिनं तुंबडी लावून त्याचं रगत वढलं. तिसऱ्या दिशी पोर गेला. डाकीन!”

“अरेरे,” म्हणून डॉक्टर पडद्यापलीकडच्या पेशंटकडे गेला.

मास्क लावलेल्या बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती डाकीण म्हणजे तीच होती. बाईजा. सकुबाईचा आवाज तिनं दारातच ओळखला होता. अकरा वर्षांपूर्वी, ब्याण्णव सालच्या आवणीत, गावकी बसली. बाईजाचं शिंग नदीत फेकलं, घराची कौलं उतरवली. ज्यांच्या पाठी-कंबरा तिनं जन्मभर मोकळ्या केल्या त्यांतल्या एकाही मेल्यानं तोंड उघडलं नाही. शहापुरात येऊन तिनं लोकांची खरकटी काढली, मग या दवाखान्याची लादी पुसली. एकदा डॉक्टरचं बोट भाजलं तेव्हा “द्या हिकडं” म्हणून तिनं पेला हातात घेतला. तीच तुंबडी, फक्त काचेची. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय! आता लोक तिला सिस्टर म्हणत. वाडीनं हिसकावलेली इज्जत तिनं इथं पै-पै करून परत मिळवली होती.

हातात चिमटा होता, समोर स्पिरिटचा दिवा होता. मनात नाही नाही ते येत होतं. पण पाठ पोरीची होती, आणि पोरीनं तिचं काही वाकडं केलेलं नव्हतं.

बाईजा वाकली. तिची एक जुनी खोड होती. पाठीला कान लावून छातीतला श्वास ऐकल्याशिवाय ती तुंबडी लावत नसे. डॉक्टर हसायचा, गळ्यातली नळी दाखवायचा. पण खोड काही गेली नाही.

तिचा कान पाठीला टेकला आणि प्रियांका एकदम ताठ झाली. सकुबाई शेतावरच्या मजुरांबद्दल काहीतरी सांगत होती, ती मध्येच थांबून त्या टेकलेल्या कानाकडे बघायला लागली.

बाईजानं एक पेला लावला. दुसरा लावला. तिसरा लावून हात काढते तोच सकुबाई उठली आणि तिनं बाईजाचा मास्क ओढून काढला.

“हीच ती डाकीन! माझा पोर खाल्ला, आता पोरीला खायला बसलीय!”

पडदा सरकला. बाहेरच्या बाकड्यावरची माणसं आत आली. एकीनं आपलं लेकरू पोटाशी धरलं. दोघं-तिघं चपला शोधायला लागले. डॉक्टर एकदा त्या चपलांकडे बघत होता, एकदा बाईजाकडे. खरं काय ते विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. धंदा मोठा की बाई मोठी?

“गाऊन काढून ठेवा, बाई,” तो म्हणाला. “पुन्हा येऊ नका.”

बाईजानं गाऊनच्या गाठीला हातही लावला नाही.

“जाते. पन आधी हिला सांगू द्या, त्या दिशी मी काय केलं. सांग ना गो सकू! पोरीच्या देखत सांग!”

“रगत वढलंस! साऱ्या वाडीला ठावं हाय!”

“वाडी कुठं व्हती तवा? घरात तू व्हतीस नि मी.”

“मी पन व्हते.”

आवाज पलंगावरून आला. प्रियांका तशीच पालथी होती, पाठीवर तीन पेले, तोंड उशीत. तेव्हा ती सात वर्षांची होती. भावाच्या कपाळावर ओलं फडकं धरून बसली होती. त्या दिवसाबद्दल ती आजवर चकार शब्द बोलली नव्हती.

“तू गप पड!” सकुबाई ओरडली.

“हिनं धोंडीच्या पाठीला असाच कान लावला. नि शिंग पिशवीत टाकलं. तुंबडी लावलीच नाय. छातीत पानी झालंय, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या, म्हनली.” बोलताना पाठीवरचे पेले हलत होते. “तवा तू काय म्हनलीस, आये? सांग सगल्यांना.”

सकुबाईनं पलंगाचा कठडा धरला.

“आवनी उरकू दे, म्हनलीस.”