फुसफुस

"हिला थोडं थोडं, पण दिवसभर खाऊ घाला," आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या होत्या. "आणि घरात पोटाची लाज वाटू देऊ नका. लाजेपायी मुलं खाणंच सोडतात."

"आमच्याकडे नाक मुरडणारं कुणी नाही हो," म्हणत आईने विषय उडवून लावला होता.

आज लेकीने पुन्हा ताट सरकवलं, "भूक नाही" म्हणाली आणि उठून संडासात गेली.

आतड्याला पीळ पडला म्हणून बरंचसं आतडं कापून काढावं लागलं होतं. उरलेलं तोकडं. खाल्लेलं अंगी लागायच्या आत पळावं लागायचं. तरी पोर चिवट. दिवसभर तोंड चालू, म्हणून बाबा तिला खारूताई म्हणायचे. हल्ली मात्र खारूताईचा संप होता. गणवेशाचा पट्टा आतल्या भोकावर गेला होता. वजन आणखी उतरलं तर पुन्हा दवाखाना, पुन्हा नळीतून जेवण.

शाळेतला डबा रिकामा यायचा. पण तो ती फेकतच असणार, पोरी चिडवत असणार, याची आईला खात्री होती. मुख्याध्यापिकेशी करायचं भांडण तिने मनातल्या मनात दोनदा करूनही पाहिलं होतं.

लेक बाहेर आली. आत्या यायची वेळ झालेली. आई सवयीने आत शिरली, खिडकी उघडली, रूम फ्रेशनर मारला आणि बाटली हातात तशीच धरून दारातच लेकीला अडवलं.

"कोण चिडवतं तुला? नाव सांग. उद्या बघतेच एकेकीकडे."

"शाळेत कुणी नाही गं. मला विचारावंही लागत नाही, बाई संडासला जाऊ देतात. मैत्रिणी बाहेर गप्पा मारत थांबतात. डबा मी सगळा खाते."

"मग घरी काय होतं?"

लेकीने मान खाली घातली. "घरी खाल्लं की जावं लागतं. मग तुला फुसफुस करावं लागतं."

चिडून नाही, आईची दगदग वाचवावी तसं म्हणाली. आईला तिच्याकडे बघवेना. दाराची बेल वाजत राहिली.

आता दवाखान्यात भेटणाऱ्या प्रत्येक आईला ती एकच सांगते, तुम्हालाही सांगेल: घरात कुणी "भूक नाही" म्हणत ताट सरकवत असेल, तर आजच जवळ बसून विचारा. फक्त विचारण्याआधी आपल्या हातात काय आहे, ते बघा.