ओटीलियाबाईंचा माणूसमासा

“जिवंत आहे का अजून आमचा पाहुणा?” दारात बूट पुसत त्सिरीलने विचारलं.

“आहे की, काका,” विद्यापीठातर्फे घर सांभाळणारी नेदा म्हणाली.

“वाईट झालं. मी तर खाणावळीची पाटीसुद्धा रंगवून ठेवलीय.”

हा विनोद तो दर वसंतात करायचा. यंदा नेदाला हसू आलं नाही.

घर त्याच्या मावशीचं. गुहांमधल्या आंधळ्या जिवांचा अभ्यास या भागात पहिल्यांदा ओटीलियाबाईंनी सुरू केला. जाताना त्यांनी घर विद्यापीठाला दिलं, पण एका अटीवर. तळघरात त्यांनी पाळलेला माणूसमासा जगेल तोवरच घर विद्यापीठाचं, मग त्सिरीलचं; म्हणून तो दर वसंतात येऊन मासा बघून जायचा. काडीसारख्या पायांचा हा फिकट प्राणी शंभर वर्षंही काढतो, म्हणून सगळे निर्धास्त होते.

तो गेल्या आठवड्यात मेला. नेदाने त्याला अंगणातल्या लिंडनच्या झाडाखाली पुरलं. बाजूच्या टाकीत माणूसमाशांनी कित्येक वर्षांनी अंडी घातली होती. घर सोडावं लागलं असतं तर ती वाचली नसती.

दुसऱ्याच दिवशी पावसाने झरा फुगला आणि गुहेतला एक माणूसमासा कुणाच्या तरी शेतात वाहून आला. शेतकऱ्याने रिवाजाप्रमाणे विद्यापीठाला फोन केला. फोन नेदाने उचलला. तो जीव परत गुहेत सोडायचा असतो. तिने सोडला नाही.

त्सिरीलने खिशातल्या किल्लीने तळघर उघडलं. दिवा न लावताच पायऱ्या उतरला. टाकीच्या पाण्यात बोट बुडवलं आणि दारातून येणाऱ्या उजेडात बराच वेळ वाकून बघत राहिला.

“कॉफी ठेवू का, काका?”

“थांब गं जरा.” मग तो कंबर धरत सरळ झाला. “मावशीचाच आहे. नाकावरून ओळखतो मी. आमच्या घराण्याचं नाक.”

नेदाने भिंतीला पाठ टेकली. आता वर्षभर तरी अंड्यांना धोका नव्हता.

वर स्वयंपाकघरात त्याने आणलेली अक्रोडाचं सारण गुंडाळून भाजलेली गोड पोटिका तिने दोन्ही हातांनी खाल्ली. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं.

“पुढच्या वर्षी पाटी घेऊनच येतो.”

“या ना. खिळे मी देते.”

जाताना तो लिंडनखालच्या ताज्या मातीपाशी थांबला. टोपी काढली, परत घातली.

“आठवडाभर झऱ्याचंच पाणी घाल नव्याला,” तो म्हणाला. “मावशीचा गेल्यावर हा मातीखालचा मी आणला, तेव्हा घाई केली होती. महिनाभर कोपऱ्यातून हलला नव्हता.”