आबांचा पासवर्ड

कॉम्प्युटरचा पडदा काळाच राहिला. वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत एक ओळ आली आणि तिच्यापुढं एक रेघ लुकलुकत राहिली.

"पासवर्ड मागतोय," निमिष म्हणाला. "मशीन चांगलं आहे, ताई. पण हा शब्द दिल्याशिवाय पुढं जाणार नाही."

शिवांजली सकाळच्या एसटीनं सांगलीहून साताऱ्याला माहेरी आली होती. स्वतःचं काम डोळ्यांपुढं दिसलं तर आबांना हुरूप येईल, म्हणून तिनं कॉम्प्युटर लावून पाहिला. तो सुरूच होईना. वायरी हलवून झाल्या, आत फ्लॉपी राहिली नाही ना तेही पाहून झालं. मग तिनं कॉम्प्युटर क्लासवाल्या निमिषला बोलावलं.

"हा घातला कुणी?" तिनं विचारलं.

निमिषनं तिच्या आईकडं पाहिलं. "आबांनीच घातला असंल," तो म्हणाला.

"त्येच घालणार," अंजनाबाई म्हणाल्या. "फौजेतली सवय. जाईल तिथं कुलूप."

आबा म्हणजे तिचे वडील, सुभेदार नाथाजी. फौजेत नकाशे काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी माण-खटावचे डोंगर पायाखाली घातले आणि कुठला झरा जिवंत आहे, कुठला आटला, याची नोंद सुरू केली. त्यासाठी हा कॉम्प्युटर घेतला. चष्मा लावूनही अक्षरं नीट दिसत नसत. म्हणून आबा सांगत आणि अंजनाबाई एकेका बोटानं टाइप करत.

दिवाळीनंतर आबांना झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. वाचा परत येऊ शकते, पण त्यांनी बोलायची खटपट केली पाहिजे, असं डॉक्टर म्हणाले. आबा खटपट करत नव्हते. ज्याच्या एका हाकेवर पलटण थांबायची, त्याच्या तोंडून आता नुसता घोगरा आवाज निघायचा. तो कुणी ऐकू नये म्हणून ते भिंतीकडं तोंड करून पडून राहत. डॉक्टरांनी दिलेला मुळाक्षरांचा तक्ता त्यांनी पहिल्याच दिवशी भिरकावून दिला होता.

"उपाय काय?" शिवांजलीनं विचारलं.

"आत एक बारकी बॅटरी असते. ती काढून थोडा वेळ ठेवली की मशीन पासवर्ड विसरतं."

"मग काढ की."

"नको," अंजनाबाई म्हणाल्या. "मशीन इसरंल, पर मानसानं इसरून कसं चालंल? त्येंचा शब्द हाय. त्येनीच सांगावा."

"आई, ते 'पाणी'सुद्धा म्हणू शकत नाहीत."

"न्हाई म्हणत. म्हणू शकत न्हाईत असं न्हवं."

शिवांजली चिडली. आई बाजारात गेल्यावर तिनं निमिषला गुपचूप फोन केला. "काकूंना विचारल्याशिवाय नको, ताई," एवढंच म्हणून त्यानं फोन ठेवला.

रोज संध्याकाळी अंजनाबाई आबांना धरून टेबलापाशी आणू लागल्या. "आवं, सांगा. काय व्हता शब्द? झऱ्याचं काम सगळं आत अडकलंय."

पहिले काही दिवस आबा नुसते त्या लुकलुकणाऱ्या रेघेकडं बघत बसले. मग एकदा घशातून काहीतरी निघालं. अंजनाबाईंनी ते तीनतीनदा विचारलं. "को? कोय? कोयना व्हय?" आबांनी मान डोलावली. त्यांनी टाइप केलं. चूक.

आबांनी टेबलावर डावी मूठ आपटली. पण दुसऱ्या संध्याकाळी ते हाक मारायच्या आत खाटेवर उठून बसले होते.

शब्द येत गेले. अर्धेमुर्धे, चेपलेले. डोंगरांची नावं आली, पलटणीतल्या मित्राचं नाव आलं, लहानपणच्या बैलाचं आलं. एका रविवारी शिवांजली घरी असताना ते ओठ आवळून, घाम पुसत म्हणाले, "शि... वा." तिला ते याच नावानं हाक मारत. अंजनाबाईंनी टाइप केलं, तेही चूक निघालं. शिवांजली उठून स्वयंपाकघरात गेली आणि तोंडावर पाणी मारून आली. बॅटरीचा विषय तिनं पुन्हा काढला नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती राहायला आली. आबा आता पाणी मागत, चहात साखर कमी आहे म्हणत. पण बोलणं एका-दोन शब्दांपलीकडं सरकत नव्हतं, आणि कॉम्प्युटर अजून बंदच होता.

त्या संध्याकाळी अंजनाबाईंनी नेहमीसारखी बोटं कीबोर्डवर ठेवली. "सांगा."

आबा पडद्याकडं बघत राहिले. काहीतरी आठवल्यासारखे त्यांचे डोळे बारीक झाले. मग त्यांनी डाव्या हातानं बायकोची बोटं हळूच बाजूला केली.

"आगं," ते म्हणाले. थांबले. पुढचे शब्द त्यांनी एकेक करून गोळा केले. "मी... ह्यात... पासवर्ड कवा... घातलाच न्हवता."

शिवांजलीला आधी नुसता आनंद झाला. इतक्या महिन्यांनी आबा अख्खं वाक्य बोलले होते. त्याचा अर्थ तिच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला, आणि तिनं आईकडं वळून पाहिलं.

अंजनाबाईंनी पदरानं डोळे टिपले, कीबोर्ड पुढं ओढला, कुणालाही काही न विचारता एक शब्द टाइप केला आणि कॉम्प्युटर सुरू झाला.