कुवाहाराचा गुडघा

दरवर्षी नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात कुवाहारा मिठाईचा डबा घेऊन माझी माफी मागायला येतो. पंचवीस वर्षांपूर्वी जपानमधल्या शिझुओका शहरात मी प्रशिक्षक होतो त्या शाळेचा तो सगळ्यात चांगला फुटबॉलपटू होता. राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याचा गुडघा कायमचा गेला, आणि मोठ्या क्लबशी ठरलेला करारही गेला. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता.

यंदा तो आला तेव्हा मी मैदानावर लहान मुलांचा सराव घेत होतो. त्याने सगळ्यांसमोर कमरेत वाकून नमस्कार केला.

"सर, गुडघा आधीच दुखावला होता. संघाच्या डॉक्टरांच्या हातापाया पडून मी त्यांना गप्प बसवलं आणि तुमच्यापासून लपवलं. चूक माझीच."

"अरे, किती वर्षं तेच तेच? बस, चहा घे."

तो मुलांकडे वळला. "दुखलं-खुपलं की लगेच सरांना सांगायचं, कळलं? माझ्यासारखा शहाणपणा करायचा नाही. नाहीतर असं लंगडत चालावं लागतं. बायको म्हणते, तुझ्यापेक्षा कासव बरं."

मुलं खिदळली. सात वर्षांची चिनात्सु मात्र हसली नाही. तिने माझी बाही ओढली.

"सर, तुम्हाला माहीत असतं तर तुम्ही त्यांना खेळू दिलं नसतं ना?"

"नसतं दिलं," मी म्हणालो.



डॉक्टर गप्प बसले नव्हते. सामन्याच्या आदल्या संध्याकाळीच त्यांनी मला फोन केला होता.