गाढ झोप

जीप यायची वेळ झाली आणि मनकर्णा ओसरीवर गोधडी टाकून चक्क आडवी झाली. जन्मात कधी दिवसा पाठ न टेकलेली बाई! जरा पडते गं, एवढंच म्हणाली अन् डोळे मिटले.

सुकन्या हातातली बॅग तशीच धरून बघत राहिली. पोरगी शेतीचं शिकायला तीन महिने जर्मनीला निघालेली, पाथर्डीच्या त्या उजाड माळावरून तिकडे जाणारी पहिलीच, आणि आई झोपली! पाया पडावं, हातावर दही घेऊन निघावं, असं तिच्या मनात होतं. तिला असा राग आला की रडूच येईल असं वाटलं. आणि रडू तर अजिबात नको होतं. दोघी एकदा रडायला लागल्या असत्या, तर तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडलाच नसता, हे तिचं तिला पक्कं ठाऊक होतं.

सकाळपासून तर आई ठीक होती. सारी उमर ऊसतोडीला गेलेल्या मनकर्णाने जर्मनीही त्याच मापाने मोजली. तिथं राहायला पाचटाची कोपी आपली आपणच बांधायची का, पाणी किती लांब, मुकादम माणूस कसा. मुकादम नव्हे, प्राध्यापक, असं सांगायच्या भानगडीत सुकन्या पडली नाही. तिकडे उन्हाळा आत्ता कुठे सुरू होतोय म्हटल्यावर मात्र मनकर्णा हसली होती. "इथला उन्हाळा पुरला न्हाई व्हय तुला?"

सुकन्या बॅग ठेवून उशाशी बसली. आईचं डोकं मांडीवर घेतलं आणि हलके हलके थोपटू लागली. लिंबाची सावली ओसरीवर डुलत होती. थोपटता थोपटता तिचीच तंद्री लागली. तिकडचा उन्हाळा दिसू लागला. जेवणं उरकली तरी न मावळणारा सूर्य, गुडघाभर हिरवं गवत, आणि त्या गवतातून डोक्यावर मोळी घेऊन सावकाश चाललेली आई. हाक मारावी तर आवाज फुटेना. बघता बघता गवताचा ऊस झाला, आणि ती स्वतः एवढीशी.

तेव्हाही अशीच दुपार असायची. दसरा झाला की ऊसतोडीला न्यायला ट्रक दारात यायचा. निघताना लेकराचं रडं कानी पडू नये, म्हणून आई तिला थोपटून झोपवायची आणि मग आजीच्या हवाली करायची. सुकन्या पदर मुठीत धरून पडून राहायची. झोप कुठली यायला! पण डोळे उघडले तर आईला जाता यायचं नाही, एवढं त्या जिवाला कळायचं. हॉर्न वाजला की ती आपणहून मूठ सैल सोडायची. मग लांबून आईचा आवाज यायचा, दादांना, तिच्या बापाला, सांगणारा. "झोपलीया. गाढ." आपण जाग्या होतो, हे सुकन्याने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

हॉर्न वाजला. सुकन्या दचकून भानावर आली. पाहते तर तिच्या ओढणीचं टोक आईच्या मुठीत. कोयत्याने घट्टे पडलेली मूठ, घट्ट आवळलेली. डोळे मिटलेले, पण पापण्या थरथरत होत्या.

तिचा राग कुठच्या कुठे गेला. तिने ओढणीला हात लावला. सोडवायची वेळच आली नाही. मूठ सैल झाली.

तान्ह्या पोराचं ठेवावं तसं तिने आईचं डोकं अलगद गोधडीवर ठेवलं, आणि पाय न वाजवता अंगण ओलांडलं.

जीपमध्ये तिचा बाप, बन्सी, बसला होता. त्याने घराकडे पाहिलं नाही. समोरच्या रस्त्याकडे बघतच विचारलं, "आई?"

"झोपलीया, दादा," सुकन्या म्हणाली. "गाढ."

बन्सीने नुसती मान हलवली. जीप वळणाला लागून घर दिसेनासं झालं, तेव्हा कुठे तो बोलला.

"तूबी अशीच झोपायचीस."