दुसऱ्यांदा निघालेला पाइप

"हा पाइप आपोआप निघालेला नाही," विश्रामने बॉनेटखालून मान बाहेर काढली. "कोणीतरी काढलाय."

"कोणीतरी म्हणजे तूच ना?" हर्षित म्हणाला. "महिन्यात तिसऱ्यांदा आलोय तुझ्याकडे."

मानपाड्याच्या त्या गॅरेजात गाडीचं इंजिन धडधडत होतं. सिग्नलला थांबली की बंद पडायची, हीच तक्रार. विश्रामने एकेका जोडावर स्प्रे मारून पाहिला होता. शेवटच्या जोडावर मारला तसा इंजिनचा आवाज एकदम चढला. हवा तिथूनच शिरत होती. पहिल्या खेपेला तिथला पाइप खरोखर चिरलेला होता, तो त्याने नवा घातला. मागच्या आणि आजच्या खेपेला मात्र पाइप धडधाकट होता. क्लिप बोटांनी दाबून मागे सरकवली होती, पाइप अर्धा उपसला होता.

विश्रामला राग आला. चौदा वर्षांत कुणी त्याला लबाड म्हटलं नव्हतं.

"माझ्याकडून गाडी नीट गेली होती. तुमच्या अंगणात कोण येतं ते बघा."

हर्षित थबकला. "धनेश," तो पुटपुटला. धनेश त्याचा चुलतभाऊ. जमिनीच्या वाटणीवरून बोलणं बंद, पण दोघांच्या गाड्या एकाच अंगणात. "आप्पा, त्याचंच काम हे. आज सोडत नाही त्याला."

ड्रायव्हरच्या सीटवर हर्षितचे वडील, काळुराम आप्पा, बसले होते. सत्तरी उलटली तरी रसिकाला, नातीला, कल्याणच्या क्लासला रोज तेच सोडत.

हर्षितने धनेशला फोन लावला. विश्रामने खणातून स्क्रूची क्लिप काढली.

"आप्पा, आता ही घट्ट बसवतो. नुसत्या हाताने कुणाला काढता यायची नाही."

बोलता बोलता त्याने वर पाहिलं. आप्पांचा चेहरा उतरला होता.

"ती नको लावू," आप्पा म्हणाले.

"का?"

फोनची रिंग जात होती. आप्पा इंजिन बंद करून खाली उतरले.

"हर्षित, फोन ठेव. धनेशचा काय संबंध नाय. मीच काढला. पहिल्यांदा विश्रामने दाखवलेला, कुठला पाइप तो."

हर्षितने फोन कापला. "तुम्ही? कशाला?"

"मना डाव्या बाजूचं दिसत नाय रे. पत्रीपुलावर रिक्षा दिसलीच नाय. रसिकाच्या बाजूचा आरसा घासून गेली."

"मग सांगायचं ना घरात!"

"पोर मैत्रिणींना सांगते, आमच्या आप्पांसारखी गाडी कोणाला चालवता येत नाय. तिला कसं सांगू?" आप्पांनी चावी पुढे केली. "गाडी बिघडली म्हटलं, की ती गपचूप दुसऱ्याच्या गाडीतून जाते."